आवाज सोसेनासा झाला की: कोकणातल्या घरात कान सावरायची रीत

स्टीलचं ताट फरशीवर पडलं की एकदाच वाजत नाही. आधी खण्णकन आदळतं, मग कडेवर गरगरत राहतं आणि थांबता थांबता त्याची थरथर आणखी बारीक, आणखी तीक्ष्ण होत जाते. देवगडाकडच्या आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी असं एक ताट जावेच्या हातून निसटलं. ते थांबेपर्यंत मी दोन्ही कान दाबून चुलीपाशी खाली बसले होते. कानात कळ गेली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. त्याआधी दोन आठवडे एका हळदीच्या कार्यक्रमात मी वाढपाला होते आणि तीनेक तास स्पीकरच्या भल्यामोठ्या बॉक्सच्या शेजारी उभी होते.

त्यानंतरचे सहा आठवडे मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. खिडक्या लावून घेतल्या, कानात दिवसरात्र बोळे घातले, माणसं टाळली. त्याने मी बरी झाले नाही, उलट बिघडले. आधी ताट सोसत नव्हतं, मग चमचा सोसेना, मग प्लॅस्टिकच्या पिशवीची कुरकुर. तुमचंही असंच होत असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा, कारण यातली पहिली मोठी गोष्ट मनाला पटायला अवघड आहे: शांतता मिळाली की बरं वाटतं, पण सतत शांततेत राहिलं की कान आणखी हळवे होतात.

असं का होतं

गणपतीला घर भरलेलं असतं. चाकरमानी परत गेले की त्या रात्री भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक केवढी तरी मोठी वाटते. घड्याळ तेच असतं. आजूबाजूचा आवाज गेला म्हणून आपलं लक्ष त्यावर जाऊन बसतं. मेंदू ऐकण्याच्या बाबतीत असंच, पण कितीतरी जास्त प्रमाणात करतो. कानाकडून येणारा संदेश कमी झाला, मग तो आतल्या पेशींना इजा झाल्यामुळे असो की आपण बोळे घातल्यामुळे, तर मेंदू स्वतःच आपलं बटण वर फिरवतो. मग साधा आवाजही अंगावर येतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांना दोन आठवडे कानात बोळे घालून ठेवले, तेव्हा त्यांना पूर्वीचेच आवाज मोठे वाटू लागले. दोन आठवडे कानाशी मंद खळखळ चालू ठेवली, तेव्हा बरोबर उलट झालं. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते सहा आठवडे वाचले असते.

आधी आपला त्रास कोणता ते ओळखा

सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही, म्हणून हे आधी.

रोजचे मध्यम आवाज, म्हणजे भांडी, मिक्सर, मुलांचं ओरडणं, नको इतके मोठे वाटतात किंवा दुखतात, मग आवाज कुणीही केलेला असो, तर तो हायपरअॅक्युसिस. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

आवाज लहान असतो, पण विशिष्ट असतो: कुणाचं मचमच खाणं, सोलकढी भुरकणं, नाक ओढणं. आणि त्याने दुखत नाही, संताप येतो, तेही बहुधा जवळच्याच माणसाचा. याला मिसोफोनिया म्हणतात, आणि हा शब्द २००१ साली ऐकण्याच्या त्रासांवर संशोधन करणाऱ्या जॅस्ट्रेबॉफ दांपत्याने रुजवला. यात जेवताना पंखा चालू ठेवणं, समोरासमोर न बसता शेजारी बसणं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडून वर्तनोपचार घेणं यांचा उपयोग होतो. त्या माणसाला सारखं टोकत राहिल्याने दोघांचंही बिघडतं.

वयस्क माणसांचं तिसरंच असतं. हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि जरा मोठ्याने बोललं की "ओरडतोस कशाला?" म्हणतात. ऐकू कमी येण्याचाच हा भाग आहे. योग्य बसवलेलं श्रवणयंत्र हा त्यावरचा उपाय. त्यात मोठ्या आवाजाची वरची मर्यादा कमी ठेवून घ्यायची.

आणि काही जणांना आवाजापेक्षा आवाजाच्या भीतीचाच त्रास जास्त असतो. माझ्यात दोन्ही मिसळलेलं होतं, आणि बहुतेकांचं तसंच असतं.

थांबू नये अशा खुणा

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. यात औषध जितक्या लवकर सुरू होईल तितका गुण येण्याची शक्यता जास्त. पाऊस आहे, गाडी नाही, उद्या बघू, असं करू नका.

चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि त्याच बाजूला आवाज मोठे वाटू लागले, तरी लगेच जा. कानातल्या रिकिबीच्या हाडाला धरून ठेवणारा एक चिमुकला स्नायू असतो, शरीरातला सगळ्यात लहान. मोठा आवाज आला की तो आवळतो आणि आवाज थोडा अडवतो. त्याला चेहऱ्याचीच नस चालवते. ती नस सुजली की हा राखणदार झोपतो. कानातून पाणी, गरगरणं, किंवा स्वतःच्या पावलांचा नि डोळ्यांच्या हालचालीचाही आवाज डोक्यात ऐकू येणं, हेही डॉक्टरांना सांगायचं. अर्धशिशी आणि डोक्याला लागलेला मार यांतूनही हा त्रास सुरू होतो, तेव्हा तेही लपवू नका. झोपेची किंवा चिंतेची गोळी अचानक बंद केली असेल तर तेही.

घरात कोमट तेल, लसणीचं तेल घालण्याचा आग्रह होतो. पडद्याला भोक असेल तर ते आत जातं. तपासणी होईपर्यंत कानात काहीही घालू नका.

तपासणीला जाताना

आमच्याकडून पहिली पायरी म्हणजे ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा तालुक्यातले कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुढे सोयीप्रमाणे कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळी. मुंबईला नातेवाईक असतील तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच काम करते. कणकवलीहून रात्रीच्या गाडीने गेलात तर इंजिनापासून लांबचा डबा घ्या.

डॉक्टरांनी कान पाहिल्यावर ऑडिओलॉजिस्टकडे ऐकण्याची चाचणी होते. तिथे दोन गोष्टी स्वतःहून बोला. एक, "मला साधे आवाज सोसत नाहीत, कोणताही मोठा आवाज देण्याआधी सांगा आणि खालून वर चढवा." दोन, "आवाज नकोसा होण्याची पातळीही मोजा." साधारण माणसाला ही पातळी ९० ते १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर येते. आपल्याकडे ती बरीच खाली येते. हा आकडा कागदावर असला की घरच्यांना पटवायला सोपं जातं, आणि सहा महिन्यांनी सुधारणा दिसते. कानातल्या स्नायूच्या प्रतिक्षेपाची चाचणी मोठ्या आवाजाने करतात. ती लगेच आवश्यक आहे का, की पुढे ढकलता येईल, ते विचारा. एमआरआय सांगितला तर ते यंत्र फार ठणठणतं, तेव्हा आत बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही मागून घ्या.

माझ्या पहिल्या भेटीत एका दवाखान्यात "कान ठीक आहेत, मनावर घेऊ नका" एवढंच सांगून मला परत पाठवलं. ऐकण्याचा आलेख ठीक असणं आणि आवाज सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हालाही असं उत्तर मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

बोळे कधी घालायचे, कधी काढायचे

खरोखर मोठ्या आवाजात घाला: ग्रासकटर, वरात, फटाके, चिरेखाण, बोटीचं इंजिन, ढोलताशाच्या जवळ. तिथे तर धडधाकट कानाच्या माणसानेही घालावेत. आमचे हे आश्विन-कार्तिकात बागेत दिवसभर ग्रासकटर चालवतात. माझ्यामुळे आता तेही इअरमफ लावतात, आणि संध्याकाळी त्यांच्या कानात शिट्टी वाजायची ती थांबली.

घरात, अंगणात, दुकानात, एसटीची वाट बघताना घालू नका. सवय लागलेली असेल तर एकदम काढू नका. मी पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटं काढले, तेही ओटीवर, दुपारी सगळे निजलेले असताना. मग अर्धा तास, मग तास. पूर्ण सुटायला दोन महिने लागले. बोळे खिशात असायचे. ते खिशात आहेत एवढ्यानेच धीर यायचा.

कापसाचे बोळे फारसा आवाज अडवत नाहीत. फोमचा बोळा दोन बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. आणखी एक, खास आपल्या हवेसाठी: जून ते सप्टेंबर कानात दमटपणा राहतो आणि बुरशी चटकन धरते. मला एका पावसाळ्यात धरली, महिनाभर खाज. म्हणून आंघोळीनंतर कान कोरडे झाल्याशिवाय काही घालू नका. फोमचे बोळे वारंवार बदला. सिलिकॉनचे धुऊन पूर्ण वाळवा.

गाज

उपचारात आवाज हेच औषध आहे. मोठ्या शहरांत कानामागे लावायची छोटी यंत्रं देतात. त्यांतून एकसारखी मंद खळखळ येते. परवडत असतील आणि ऑडिओलॉजिस्टने सांगितली असतील तर जरूर घ्या. पण आपल्या किनाऱ्यावर तशीच खळखळ फुकट आहे. गाजेत जाड-बारीक सगळे सूर एकत्र मिसळलेले असतात, ती अचानक दचकवत नाही, आणि तिच्या मागे भांड्यांचे टोकदार आवाज बोथट होतात.

मी कशी वापरली ते सांगते. सुरुवातीला लाटा फुटतात तिथे गेले नाही. तो आवाज तेव्हा फार होता. माडांच्या मागे, जिथे गाज फक्त अस्तरासारखी ऐकू येते, तिथे रोज सकाळी २० मिनिटं बसले. कान उघडे. दर आठवड्याला दहा-बारा पावलं पुढे. भरतीच्या दिवशी मागे, ओहोटीला पुढे. पावसाळ्यात समुद्र उधाणलेला असतो, तेव्हा किनाऱ्यावर जाऊ नका. तेव्हा कौलांवरचा संथ पाऊस पुरतो.

घरात दिवसभर काहीतरी मंद चालू ठेवा. टेबलफॅन, मोबाईलवर स्वतःच रेकॉर्ड केलेली गाज, पागोळ्यांचं पाणी. आवाज इतकाच की ऐकू यावा, पण शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागू नये. इअरफोनने कानात ओतू नका, खोलीत लांब ठेवा. रात्रीही बंद करू नका. पूर्ण शांततेत झोपलेल्या माणसाला पहाटेचा कोंबडाही तोफेसारखा लागतो. जो आवाज तुम्हाला आवडत नाही तो निवडू नका. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना पावसाची रेकॉर्डिंग ऐकली की पूर आठवायचा, त्यांना पंखाच बरा.

फरक पडायला महिने लागतात, काहींना वर्ष-दीड वर्ष. मला पहिला बदल चौथ्या महिन्यात जाणवला: रोवळीतले तांदूळ पातेल्यात ओतले आणि मी दचकले नाही.

घरातले आवाज

सगळं घर गप्प करायचं नाही, फक्त टोकं घासायची. भांड्यांच्या मांडणीवर जुनी सुती साडी दुमडून घाला. मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी ठेवा, आणि शक्य तर वाटप पडवीत करा. मिक्सरचं बटण तुम्ही स्वतः दाबा. स्वतः केलेला आवाज कमी लागतो, कारण तो कधी येणार हे ठाऊक असतं. दुसरं कुणी लावणार असेल तर "लावते गो" एवढं म्हणण्याची सवय घराला लावा. आमच्याकडे याच एका शब्दाने सगळ्यात जास्त फरक पडला. कुकरची पहिली शिट्टी होण्याआधी गॅस बारीक करा.

फरशी आणि मोकळ्या भिंती आवाज परत फेकतात. गोधडी, चटई, पडदा, कपड्यांची दांडी, पुस्तकांचं कपाट, हे सगळं तो शोषतं. पत्र्याच्या शेडखाली राहत असाल तर पावसाची ताडताड खरोखर असह्य होते. पत्र्यावर जुने झाप किंवा गोणपाट दाबून बसवा, किंवा निदान निजायची जागा कौलाखाली घ्या.

एकेका आवाजाची शिडी

गाजेने कान मवाळ झाले तरी ज्या आवाजाची धास्ती बसली आहे तो वेगळा हाताळावा लागतो. माझ्यासाठी तो आवाज झांजेचा. माजघर लहान, वीस माणसं, चार जोड्या झांजा आणि समोर गणपती. पहिल्या वर्षी मी आरतीला शेजारच्या वाडीत जाऊन बसले आणि रडले. सासूबाई म्हणाल्या, "झांज नसली तर आरती कशी होतली?" त्यांचंही चुकत नव्हतं.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात सुरुवात केली, म्हणजे हातात तीन महिने. पहिल्यांदा झांज नुसती घरात समोर ठेवली. मग फोनवर तिचा आवाज, अगदी बारीक, दुसऱ्या खोलीतून, रोज पाच मिनिटं. मग मुलगा अंगणाच्या टोकाला विहिरीपाशी उभा राहून एक टोला द्यायचा आणि मी ओटीवर. मग तो तुळशीपाशी. मग पडवीत. शेवटी मी स्वतः हातात घेतली, कडेला कड लावून हळूच, आणि तळव्याने लगेच दाबली. धातूची थरथर तळव्यात विरते ती हाताला कळते, आणि ती आपण थांबवू शकतो हे कळणं फार मोठं आहे.

नियम मी वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवले होते. त्रास ० ते १० मध्ये मोजायचा आणि ३-४ च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. एक पायरी सलग पाच-सहा दिवस सोपी गेल्यावरच पुढची. तासाभरात कान निवला तर ठीक. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिला तर दोन पायऱ्या खाली. ज्यांना आवाजाने खरीच कळ येते आणि ती दिवसेंदिवस टिकते, त्यांनी ही शिडी एकट्याने चढू नये. ऑडिओलॉजिस्टच्या सल्ल्याने आणि याहून कितीतरी सावकाश जावं. "सवय होईल" म्हणून कुणी त्यांना ढोलासमोर उभं करत असेल तर ठाम नकार द्या.

मुलांच्या बाबतीत तर हे दहा वेळा खरं. स्वमग्न मुलांमध्ये आवाजाचा त्रास खूप आढळतो. शाळेच्या घंटेपासून लांबचा बाक, कवायतीला इअरमफ, आणि स्नेहसंमेलनात कधीही बाहेर पडायची परवानगी, एवढं शिक्षकांशी आधी बोलून ठेवा.

बिघडलेले दिवस

येतात. नीट चाललेलं असताना कुणीतरी अंगणात लड लावतं आणि तुम्ही महिनाभर मागे गेल्यासारखे होता. मला असं चारदा झालं. दोन-तीन दिवस आवाज थोडा कमी ठेवा, पण गाज बंद करू नका आणि बोळ्यांत परत शिरू नका. झोप सांभाळा, कारण जागरणाने कान हमखास हळवे होतात. वहीतली मागची पानं वाचा.

मन खचलं, घराबाहेर पडणंच थांबलं, जगणं नको वाटू लागलं, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वर्तनोपचाराने आवाजाची धास्ती कमी होते आणि त्याने त्रासही उतरतो. तो उपचार घेणं म्हणजे त्रास खोटा आहे असं नव्हे.

सण, मंडळ आणि कायदा

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. तक्रार ११२ वर करता येते.

हे माहीत असू द्या, पण गावात मी आधी तोंडाने बोलते, आणि सणाच्या महिनाभर आधी. ऐन रोंबाटात, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीच्या गोंगाटात, कुणी ऐकून घेत नाही. मी मंडळाच्या मुलांना तपासणीचा कागद दाखवला आणि दोनच गोष्टी मागितल्या: बॉक्सचं तोंड आमच्या घराकडे नको, आणि पालखी दारात यायच्या आधी एक फोन. दोन्ही मिळाल्या. "बंद करा" म्हटलं असतं तर काहीच मिळालं नसतं. शिमग्यात पालखी येते तेव्हा मी इअरमफ लावून ओटी भरते. देवीपुढे असं कसं, हा संकोच पहिल्याच वर्षी सोडला.

घरच्या आरतीला आता मी उंबऱ्यापाशी उभी असते, पाठीमागे पडवी मोकळी. झांजा दोनच जोड्या, त्यांतली एक माझ्या हातात. सासूबाईच आधी सगळ्यांना बजावतात, "हळू वाजवा रे." 'घालीन लोटांगण'ला लय चढते, सगळ्यांचा जोर वाढतो, तेव्हा मी झांज जावेकडे देते आणि पडवीत जाते. मंत्रपुष्पांजलीला झांजा थांबतात. तेव्हा फूल घेऊन परत आत.